पाळणाघरासाठी अग्निशामक कोणतं?

प्रश्न : पाळणाघरात एबीसी पावडरचा एक सिलिंडर पुरेल का?

उत्तर : खेळायच्या खोलीला चालेल, स्वयंपाकघराला नाही. 2004 साली कुंभकोणमच्या शाळेत 94 मुलं दगावली, ती आग स्वयंपाकाच्या जागेतूनच छपराला लागली होती. पावडरने कढईतल्या ज्वाळा विझतात, पण तेल तापलेलंच राहतं आणि पुन्हा पेटतं; तिथे के वर्गाचं, वेट केमिकलचं अग्निशामकच हवं. पावडरने पसारा होतो, त्यापेक्षा कार्बन डायऑक्साइड बरा, असं काही जण म्हणतात. पण हा वायू हवेपेक्षा जड. बंद खोलीत तो जमिनीलगत साचतो, नेमका रांगत्या बाळांच्या नाकाशी. पावडरचा धुरळाही छातीला त्रास देतोच, म्हणून आधी मुलं बाहेर, मग फवारा. सांभाळणाऱ्या ताईंना सहज उचलेल एवढाच सिलिंडर घ्या, आणि दाबाचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे ना, हे दर महिन्याला बघा.