वेढ्यात घेतलेले शेत

(बायबल अभ्यास : यिर्मया, अध्याय 32)



पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या बायबल वर्गात एका वयस्कर भगिनीने मला एक प्रश्न विचारला. त्यांचा मुलगा कॅनडात, मुलगी न्यूझीलंडला. यजमान दोन वर्षांपूर्वी प्रभूघरी गेले. वाडीच्या दोन्ही अंगांना इमारती उठल्या, विहिरीचे पाणी मचूळ झाले. तरी दरवर्षी पहिल्या पावसात त्या नारळाची, आंब्याची रोपे लावत. यंदा त्या म्हणाल्या, "मास्तर, आता लावायचं ते कोणासाठी? आणि तुम्ही आशा आशा म्हणता, ती नक्की कशाची ठेवायची?"

वर्ग संपत आला होता. 'देव सर्व बघतो' असे काहीतरी बोलून मी वेळ मारून नेली. घरी जाताना माझी मलाच लाज वाटली. त्या रात्री यिर्मया संदेष्ट्याचे पुस्तक काढून बसलो. जे सापडले ते त्यांना नंतर सांगितले, आणि आज तुमच्यापुढे ठेवतो. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी सात-बाराचा उतारा आणि जुनी खरेदीखते पेटीत जपून ठेवलेली असतात. तेव्हा ही गोष्ट समजायला आपल्याला जड जाऊ नये.

यहुदाचा राजा सिद्कीया ह्याच्या कारकिर्दीचे दहावे वर्ष. बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर ह्याच्या सैन्याने यरुशलेम शहराला वेढा घातला आहे. शहरात धान्य संपत आले आहे, रोगराई पसरली आहे. यिर्मया पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत आहे. त्याचा गुन्हा एवढाच की, हे शहर पडणार आणि राजा शत्रूच्या हाती जाणार, हे त्याने उघडपणे सांगितले. राजाला हे बोलणे देशद्रोहाचे वाटले.

अशा वेळी त्याचा चुलतभाऊ हनामेल कैदखान्यात त्याला भेटायला येतो. डबा घेऊन नव्हे, सौदा घेऊन! अनाथोथ गावातले माझे शेत तू विकत घे, असे तो म्हणतो. अनाथोथ हे यिर्मयाचे जन्मगाव, यरुशलेमच्या उत्तरेला तासा-दीड तासाच्या वाटेवर. सगळा मुलूख तेव्हा बाबेलच्या सैन्याखाली तुडवला जात होता. मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे भाऊबंदाची जमीन अडचणीत आली तर ती सोडवण्याचा पहिला हक्क जवळच्या नातलगाचा असे (लेवीय 25:25). त्या हक्काचा आधार घेऊन हनामेल आला. हनामेलला पैशाची नड होती की बुडणारी वस्तू भावाच्या गळ्यात मारायची होती, हे बायबल सांगत नाही. भाऊबंदकीचा अनुभव असणाऱ्यांनी आपापला अंदाज करावा.

आणखी दोन गोष्टी ध्यानात घ्या. ह्याच अनाथोथच्या लोकांनी पूर्वी यिर्मयाला ठार मारण्याचा कट केला होता (11:21). आणि देवाच्या आज्ञेमुळे यिर्मयाने लग्न केले नव्हते, त्याला मूलबाळ नव्हते (16:2). म्हणजे शेत शत्रूच्या ताब्यात, गाव वैरी, घेणारा तुरुंगात आणि त्याच्यामागे वारस कोणी नाही. असा व्यवहार आपल्यापैकी कोणी केला तर घरचे त्याला डॉक्टरकडे नेतील.

यिर्मयाने तो केला. सतरा शेकेल चांदी त्याने तराजूत तोलून दिली. आजच्या मापाने ती सुमारे दोनशे ग्रॅम भरेल. खरेदीखत लिहिले, त्यावर सही केली, मोहर लावली, साक्षीदार बोलावले. दस्ताच्या दोन प्रती होत्या, एक मोहरबंद आणि एक उघडी. त्या त्याने आपला लेखनिक बारूख ह्याच्या हाती देऊन सर्वांसमक्ष सांगितले की, ह्या मातीच्या मडक्यात ठेव, म्हणजे पुष्कळ दिवस टिकतील. बायबलमध्ये जमिनीच्या व्यवहाराचे इतके बारकाईने केलेले वर्णन क्वचितच सापडते. ते उगाच आलेले नाही. ह्या देशात पुन्हा घरे, शेते आणि द्राक्षमळे विकत घेतले जातील, असे देवाचे वचन होते. त्या वचनाची नोंदणी जणू यिर्मयाने स्वतःच्या पैशाने करून ठेवली.

आता मला स्वतःला सर्वांत आवडलेला भाग. दस्त झाला, बारूख मडके घेऊन गेला, आणि मग यिर्मया प्रार्थनेला बसला (32:16-25). प्रार्थनेची सुरुवात स्तुतीने होते. तू आकाश आणि पृथ्वी निर्माण केलीस, तुला काही अशक्य नाही, असे तो म्हणतो. पण शेवटाकडे येता येता त्याचा धीर सुटतो. मातीचे मोर्चे तटाला भिडले आहेत, शहर शत्रूच्या हाती गेल्यात जमा आहे, आणि तू मला शेत विकत घ्यायला सांगतोस, असे तो देवाला बोलून दाखवतो. म्हणजे सही करताना त्याचे मन शांत होते असे नाही. त्याच्या मनात शंका होतीच. आधी त्याने सही केली आणि शंका नंतर देवापुढे मांडली. आपण बहुधा उलटे करतो. मनाची खात्री पटली की करू, असे म्हणत वर्षे घालवतो. मुळात हनामेल येणार हे देवाने आधी कळवले असतानाही, तो प्रत्यक्ष समोर येऊन उभा राहिला तेव्हा कुठे यिर्मयाला कळून आले की हा देवाचाच शब्द होता (32:8). संदेष्ट्याची ही स्थिती, तर आपली काय कथा!

ह्याच पुस्तकात हनन्या नावाचा दुसरा एक माणूस भेटतो (अध्याय 28). दोन वर्षांत बाबेलचे जू मोडेल आणि सर्व काही पूर्ववत होईल, असे त्याने मंदिरात भरसभेत जाहीर केले. लोकांना ते गोड वाटले असणार. यिर्मयासुद्धा प्रथम म्हणाला की, आमेन, तसे घडो. पण तसे घडायचे नव्हते. बाबेलला नेलेल्या लोकांना यिर्मयाने लिहिलेले पत्र अध्याय 29 मध्ये आहे. त्यात दोन नव्हे तर सत्तर वर्षांचा हिशोब आहे. तोवर तिथे घरे बांधा, बागा लावा, मुलांची लग्ने करा आणि त्या परक्या शहराच्या भल्यासाठी प्रार्थना करा, असे तो सांगतो.

बंधुभगिनींनो, हनन्याची भाषा आपल्याला चांगली परिचयाची आहे. घरात कॅन्सरचे निदान होते आणि आपण रुग्णाच्या उशाशी बसून म्हणतो, "काही नाही, पुढच्या महिन्यात ठणठणीत." त्याला स्वतःला कळलेले असते. त्याला बोलायचे असते, निरोप घ्यायचा असतो. आपल्या गोड बोलण्याने आपण त्याचे तोंड बंद करतो. अमुक नोव्हेना करा म्हणजे नोकरी लागेलच, असे सांगणारेही भेटतात. ह्यामागे प्रेम नसते असे नाही. पण ठरलेल्या मुदतीत ते घडले नाही की माणसाची श्रद्धाच उन्मळून पडते, आणि मग आपणच म्हणतो की त्याची श्रद्धा कमी पडली. यिर्मयाने शहर पडणार हे लपवले नाही आणि शेत घ्यायचेही थांबला नाही. ह्या दोन्ही गोष्टी एकाच माणसाने, एकाच कैदेत, एकाच वर्षी केल्या.

संत पौल रोमकरांस लिहिलेल्या पत्रात (5:3-5) संकटापासून सुरुवात करतो. संकटातून धीर, धीरातून कसोटीला उतरलेले शील आणि शीलातून आशा, असा त्याचा क्रम आहे. आशा शेवटी येते. आपण मात्र ती सुरुवातीलाच मागतो आणि ती नसली म्हणून हातपाय गाळतो.

अलीकडच्या काळातले एक उदाहरण देतो. व्हिएतनामचे आर्चबिशप फ्रान्सिस झेविअर न्गुएन व्हान थुआन ह्यांना 15 ऑगस्ट 1975 रोजी, स्वर्गोन्नयनाच्या सणाच्या दिवशी, अटक झाली. तेरा वर्षे ते कैदेत होते, त्यांतली नऊ एकांतकोठडीत. पोटाचे औषध म्हणून त्यांनी बाहेरून थोडा द्राक्षारस मागवला. तळहातावर तीन थेंब द्राक्षारस आणि एक थेंब पाणी घेऊन ते मिस्सा अर्पण करीत. सुटका कधी होईल ह्याचा त्यांना पत्ता नव्हता. पोप बेनेडिक्ट सोळावे ह्यांनी 2007 साली आशेवर जे परिपत्रक लिहिले, त्यात प्रार्थनेबद्दल बोलताना ह्यांचेच उदाहरण घेतले आहे. 2020 साली आपल्या चर्चची दारे बंद होती, तेव्हा मोबाईलवर मिस्सा पाहताना मला त्या तळहाताची पुष्कळदा आठवण झाली. आपल्याकडे निदान मोबाईल होता.

आता त्या शेताचे पुढे काय झाले? इ.स.पूर्व 587 च्या सुमारास यरुशलेम पडले, मंदिर जाळले गेले. उरलेल्या लोकांनी यिर्मयाला सोबत घेऊन इजिप्त गाठले, आणि तिथून तो परत आल्याचा उल्लेख बायबलमध्ये नाही. त्याने त्या शेतात एक दाणाही पेरलेला आपल्याला दिसत नाही. मडक्याचाही पुन्हा उल्लेख नाही.

पण एज्राचे पुस्तक उघडा. पारसाचा राजा कोरेश ह्याने इ.स.पूर्व 538 मध्ये यहुद्यांना मायदेशी परतण्याची परवानगी दिली. जे परतले त्यांची गावनिहाय यादी दुसऱ्या अध्यायात आहे. मिस्सामध्ये ती कोणी वाचत नाही, आणि घरी वाचताना आपण ती ओलांडून जातो. तिच्यातले तेविसावे वचन एका ओळीचे आहे : अनाथोथचे पुरुष, 128. नहेम्याच्या यादीतही (7:27) हाच आकडा आहे.

त्या 128 जणांपैकी कोणी ते शेत कसले की नाही, मला माहीत नाही. ते यिर्मयाचे वंशज नक्कीच नव्हते. कदाचित ज्यांनी त्याच्या जिवावर उठण्याचा कट केला, त्यांचेच नातू-पणतू असतील.

हे सारे मी त्या भगिनींना पुढच्या शुक्रवारी सांगितले. वाडी ठेवावी की विकावी, हे सांगायला यिर्मया आलेला नाही आणि मीही नाही. प्रत्येक घरची अडचण वेगळी असते, आणि नाइलाजाने विकणाऱ्याला दोष देण्याचा अधिकार कोणाला नाही. त्यांनी सर्व ऐकून घेतले. मग विचारले, "त्याला पोरंबाळं नव्हती म्हणता?" मी म्हटले, "नव्हती." त्या थोडा वेळ गप्प बसल्या. म्हणाल्या, "तो अध्याय कितवा, ते मोठ्या अक्षरात लिहून द्या. चष्म्याचा नंबर बदललाय."

ह्या आठवड्यात कौटुंबिक प्रार्थनेच्या वेळी यिर्मया 32:1-25 आणि एज्रा 2:23 वाचावे. घरातल्या लहान मुलांना सतरा शेकेल आणि मडक्याची गोष्ट सांगावी. आणि जमल्यास, घरच्या आजारी किंवा चिंतेत असलेल्या माणसाजवळ ह्या आठवड्यात थोडा वेळ बसून, धीराचे शब्द बोलण्याआधी, त्याला काय म्हणायचे आहे ते ऐकून घ्यावे.