शेअर फोल्डर उघडत नाही? पाकीट काढण्याआधी हे तपासा

गेल्या दिवाळीत आमच्या घरी ४० जीबी फोटो एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाईनात. वडिलांनी जुने अल्बम स्कॅन करून विंडोजच्या डेस्कटॉपवर ठेवलेले, आणि भाचीला ते तिच्या मॅकबुकवर हवे होते. दोन्ही यंत्रं एकाच घरात, दोन्हींवर इंटरनेट चालू, मधे एक भिंत. तरी मॅकला डेस्कटॉप दिसेना. ओळखीच्या दुरुस्तीवाल्याला फोन केला, तर त्यानं तीन गोष्टी सुचवल्या: विंडोजची प्रो आवृत्ती, नवा राउटर आणि ब्रॉडबँडचा वरचा प्लॅन. बेरीज दहा हजारांच्या वर गेली. शेवटी जे करावं लागलं, त्याला पैसे लागलेच नाहीत. म्हणून हा लेख.

आधी प्लॅनचं बोलतो, कारण त्यात दर महिन्याला पैसे जातात. घरातल्या घरात फाइल जाते ती राउटरपर्यंत आणि तिथून दुसऱ्या यंत्रापर्यंत. ती घराबाहेर पडतच नाही. इंटरनेट बंद असलं तरी हे काम चालतं, आणि तुमच्या डेटामधून काही वजाही होत नाही. त्यामुळे फोल्डर उघडत नाही म्हणून प्लॅन वाढवणं म्हणजे पैसे वाया. प्रो आवृत्तीचंही तसंच. विंडोज होममधूनही फोल्डर शेअर करता येतो. घरच्या कामाला प्रो लागत नाही.

मग अडतं कुठे? आमच्याकडे पहिला दोष राउटरांच्या जोडीत निघाला. फायबरवाल्यानं दिलेल्या डब्याचं स्वतःचं वायफाय असतं. आतल्या खोलीत रेंज येत नाही म्हणून आपण दुसरा राउटर लावतो. अशा वेळी बरेचदा घरात नकळत दोन वेगळी नेटवर्क तयार होतात. दोन्हींवर इंटरनेट येतं, म्हणून संशयच येत नाही. ओळखायचं कसं? विंडोजवर कमांड प्रॉम्प्ट उघडून आयपीकॉन्फिग ही आज्ञा द्या. मॅकवर वायफायच्या सेटिंगमध्ये तपशील बघा. एकाचा पत्ता १९२.१६८.१ नं आणि दुसऱ्याचा १९२.१६८.० नं सुरू होत असेल, तर चोर सापडला. दुसऱ्या राउटरच्या सेटिंगमध्ये ‘अॅक्सेस पॉइंट मोड’ असेल तर तो निवडा, दोन्ही नेटवर्कांचं एक होईल. तो पर्याय नसेल तर दोन्ही यंत्रं एकाच वायफायला जोडा. ‘गेस्ट’ नावाच्या वायफायवर मात्र कोणतंच यंत्र नको. पाहुण्यांना घरातली यंत्रं दिसू नयेत म्हणूनच ते असतं.

पत्ते जुळले की विंडोजच्या नेटवर्क सेटिंगमध्ये जा. तिथे ‘पब्लिक’ निवडलेलं असेल तर संगणक स्वतःला लपवतो. घरच्या वायफायसाठी ‘प्रायव्हेट’ निवडा, आणि शेअरिंगच्या प्रगत सेटिंगमध्ये ‘नेटवर्क डिस्कव्हरी’ व ‘फाइल अँड प्रिंटर शेअरिंग’ चालू करा. कॅफेमधल्या किंवा हॉटेलच्या वायफायवर ‘पब्लिक’च ठेवायचं, हेही लक्षात असू द्या.

एवढं करूनही यादीत दुसरा संगणक दिसला नाही तर घाबरू नका. नाव दिसणं आणि जोडणी होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सरळ पत्ता टाकून बघा. मॅकवर फाइंडरच्या ‘गो’ मेनूमध्ये ‘कनेक्ट टू सर्व्हर’ आहे. तिथे एसएमबी ही अक्षरं, कोलन, दोन तिरप्या रेघा आणि मग विंडोजचा पत्ता. उलट दिशेनं जायचं असेल तर मॅकवर सेटिंगमधलं ‘फाइल शेअरिंग’ चालू करा, आणि त्याच्या पर्यायांमध्ये एसएमबीपुढे व आपल्या खात्यापुढे खूण करा. ही दुसरी खूण बहुतेकांची राहून जाते, आणि मग विंडोज बरोबर पासवर्डलाही नाही म्हणत राहतो.

पासवर्डपाशी सगळ्यांत जास्त वेळ जातो. वडील रोज चार आकडी पिन टाकून डेस्कटॉप उघडतात. मॅकनं पासवर्ड विचारला तेव्हा त्यांनी तोच पिन सांगितला, आणि आम्ही अर्धा तास तोच टाकत बसलो. पिन फक्त त्या यंत्रापुरता असतो. नेटवर्कवरून जाताना खात्याचा खरा पासवर्ड लागतो. तो आठवत नसेल तर सोपा मार्ग आहे: डेस्कटॉपवर शेअरिंगसाठी वेगळं स्थानिक खातं काढा, त्याला पासवर्ड द्या, आणि फोटोंच्या फोल्डरवर उजवी क्लिक करून प्रॉपर्टीजमधल्या ‘शेअरिंग’मध्ये फक्त त्या खात्याला परवानगी द्या. आमचं कुलूप यानंच उघडलं. पूर्ण ड्राइव्ह कधीच शेअर करू नका, एक फोल्डर पुरतो.

इथे एक गोष्ट कळकळीनं सांगायची आहे. काही दुरुस्तीवाले घाईत फायरवॉल बंद करतात किंवा ‘एसएमबी १’ हा फाइल शेअरिंगचा जुना प्रकार चालू करून देतात. फोल्डर उघडतो, आपण खूश होतो. पण २०१७ च्या मे महिन्यात जगभर पसरलेला वॉनाक्राय हा खंडणीखोर विषाणू याच जुन्या प्रकारातल्या त्रुटीतून संगणकांत शिरत होता, आणि त्याच वर्षीपासून विंडोज १० च्या नव्या आवृत्त्यांमध्ये तो मुळात बंद येऊ लागला. एखादं जुनं यंत्र त्याशिवाय चालतच नसेल, तर त्यातल्या फाइली पेनड्राइव्हनं बाहेर काढा. त्याच्यासाठी सगळ्या घराचं दार उघडं ठेवू नका. ऑफिसच्या लॅपटॉपवर कंपनीनंच शेअरिंग बंद केलेलं असू शकतं. त्याला हात लावू नका.

पैसे खर्च करून खरोखर फरक पडतो तो वेगात. फाइल जाते, पण तासन् तास लागतात, असं असेल तर हिशेब असा: २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवर सेकंदाला ५ एमबी मिळाले तर ४० जीबीला सव्वादोन तास. १०० एमबीपीएसच्या केबलवर तासभर. गिगाबिट केबलवर हार्ड डिस्कनं साथ दिली तर सात-आठ मिनिटं. तयार कॅट ६ केबल, १० मीटर, साधारण ३०० ते ५०० रुपयांत मिळते. मॅकबुकला लॅनचा पोर्ट नसतो, म्हणून गिगाबिट कन्व्हर्टर, अंदाजे ८०० ते १,५००. राउटरचे पोर्ट १०० एमबीपीएसचेच असतील तर पाच पोर्टचा गिगाबिट स्विच, हजार ते दीड हजार. शहरागणिक आणि दुकानागणिक हे आकडे हलतील. केबल लावूनही वेग १०० वरच अडकला, तर आधी केबल बदलून बघा. आतल्या चारपैकी दोनच जोड्या जोडलेल्या असल्या तरी असं होतं.

काम एकदाचंच असेल तर हा सगळा खटाटोपही नको. लोकलसेंड हे मोफत अॅप विंडोज, मॅक, लिनक्स, अँड्रॉइड आणि आयफोन सगळ्यांवर चालतं. दोन्ही यंत्रं एका वायफायवर असली की फाइल पाठवता येते. पेनड्राइव्ह घेतलात तर तो ‘एक्सफॅट’ पद्धतीनं फॉरमॅट करा. ‘फॅट ३२’वर ४ जीबीहून मोठी एकच फाइल बसत नाही, आणि ‘एनटीएफएस’वर मॅक एरवी फक्त वाचतो, लिहीत नाही. फॉरमॅट केल्यानं आतलं सगळं पुसलं जातं, ते आधी काढून ठेवा. नासची, म्हणजे नेटवर्कला जोडलेल्या सामायिक साठ्याची, पेटी मात्र रिकामीच पंधरा-वीस हजारांच्या घरात जाते, डिस्क वेगळ्या. चार-पाच जण रोज एकाच साठ्यावर काम करणार असतील तरच तिचा विचार करा.

माणूस बोलावायची वेळ आलीच, तर फोनवरच व्हिजिट चार्ज विचारा. ३०० ते ६०० च्या आसपास अपेक्षा ठेवा. दोष काय होता आणि काय बदललं, हे बिलावर लिहून घ्या. त्याच्या हाती आपला रोजचा पासवर्ड देऊ नका, तुम्ही स्वतः टाका. सेवेत खोट निघाली आणि तो दाद देईना, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, आणि तिथे तेच बिल उपयोगी पडतं.