ताटीचे अभंग : कडी आतून लावलेली असते तेव्हा



आजच्या वाचनाला ताटीचे अभंग. घरी गाथा असेल तर काढून बसा, चाळीसेक अभंग आहेत, अर्ध्या तासात होतात. प्रसंग तुम्हाला माहीतच आहे. संन्याशाची पोरं म्हणून चारही भावंडं वाळीत. आईवडिलांनी देहान्त प्रायश्चित्त घेतलं तरी लोकांची तोंडं बंद झाली नाहीत. असाच कुणीतरी अपमान केला आणि ज्ञानेश्वर ताटी लावून आत बसले. बाहेर उभी राहून धाकटी मुक्ताई समजावतेय.

आपण खान्देशवाले तिला आपलीच मानतो. १२९७ साली तापीकाठी विजेच्या लोळात ती गुप्त झाली असं मानतात. मुक्ताईनगरजवळ कोथळीला तिचं देऊळ आहे, आषाढीला तिथून पालखी पंढरपूरला जाते. आमच्या एरंडोलला सप्ताह बसला की कुणी ना कुणी महाराज ताटीवर बोलतातच. अर्थ बहुतेक ठरलेला: लोक बोलले तरी सहन करा.

मला हा अर्थ पचायचा नाही, पण का ते सांगता यायचं नाही.

मी गे आहे. समलिंगी म्हणा हवं तर. दहावीपर्यंत मी भजनी मंडळात गायचो. आवाज पातळच राहिला, पोरं 'बाईसारखा' म्हणून नक्कल करायची, मग मी गाणं सोडलं आणि मागच्या रांगेत टाळ धरला. गंमत बघा, त्याच मंडळात पांढऱ्या मिशांचे आजोबा विरहिणी म्हणताना सखी होऊन रडायचे आणि कुणी हसायचं नाही. यावरून मला संतांना माझे साक्षीदार करायचं नाही, त्यांची ओढ विठ्ठलाची होती. पण गळ्याला पुरुषी-बायकी असं लेबल तिथे लागत नव्हतं, एवढं तर खरं.

पुढे इंजिनिअरिंग, पुणे, नोकरी. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांचं नाव कानावर आलं. आपल्यासारखाच कॉम्प्युटरवाला माणूस, अमेरिकेतून परत येऊन २००२ मध्ये समपथिक ट्रस्ट काढला, आणि या विषयावर मराठीत पुस्तकं लिहिली. त्यांची 'पार्टनर' कादंबरी मी एका रात्रीत वाचली. माझ्याबद्दलचं काही माझ्या भाषेत छापलेलं असू शकतं, हेच मुळात नवीन होतं. मग ६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टाचा ३७७ वरचा निकाल आला. १८६० च्या कायद्यातलं ते कलम दोन सज्ञान माणसांच्या संमतीच्या संबंधांना लागू राहिलं नाही. ऑफिसात डेस्कवर बसून बातमी वाचली आणि कोडचं एक अक्षर पुढे सरकेना.

त्या दिवाळीत धाकट्या बहिणीला सांगितलं. गच्चीत. ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "दादा, तू मना भाऊ शे. चाल, जेवाले." बस, एवढंच.

त्यानंतर ताटी परत वाचली. मुक्ताई सहन कर म्हणते, मान्य. पण कशासाठी? प्रत्येक अभंगाच्या शेवटी मागणं एकच आहे, दार उघड. राग सोड म्हणजे तुला बाहेर येता येईल, असा तिचा क्रम आहे. आपण पहिला भाग घेतला आणि दुसरा सोडून दिला. पोराला सहन करायला सांगितलं आणि कडीही लावूनच ठेवायला सांगितली. लोकांचं बरोबर होतं असं ती एकदाही म्हणत नाही. कशी म्हणेल? ती त्याच वाळीत टाकलेल्या घरातली. आणि ती दार फोडतही नाही. विनवते, थांबते, परत विनवते.

म्हणून तुमच्यापैकी जे आत असतील त्यांना सांगतो, कडी तुमच्या हातात आहे. राहायला घर, हातात पगार, एक तरी भरवशाचं माणूस, हे बघून उघडा. घरचे 'बरं करणाऱ्या' डॉक्टरकडे नेत असतील तर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्येच त्याला व्यावसायिक गैरवर्तन ठरवलंय, हे त्यांना दाखवा. आणि जे बाहेर उभे आहेत त्यांनी आपण कुठल्या आवाजात हाक मारतो ते जरा ऐकावं. 'आमचं नाक कापलंस' ही काही मुक्ताईची हाक नाही.

वडील अजून या विषयावर बोलत नाहीत. मागच्या महिन्यात मात्र फोनवर विचारलं, "सप्ताहाला येशील ना? यंदा काकड्याला गाणारं कुणी नाही." मी हो म्हटलंय. पुण्यात रोज पहाटे रियाज चालू आहे, शेजारचे वैतागलेत. वरचा सा अजून पातळच लागतो.

उद्या हेच अभंग पुढे घेऊ.

जय मुक्ताई.