पुण्यात चांगली कॉफी कुठे?

प्रश्न : कामानिमित्त भांडगावहून पुण्याला येणं होतं. स्पेशालिटी कॉफीचं चांगलं दुकान कसं ओळखावं?

उत्तर : सोलापूर रस्त्याने हडपसरमार्गे येत असाल, तर कोरेगाव पार्क सोयीचं. तिथे ब्लू टोकाईसारखी दुकानं आहेत. पाटीपेक्षा पाकीट बघा : त्यावर मळ्याचं नाव आणि बिया भाजल्याची तारीख हवी. फक्त ‘बेस्ट बिफोर’ असेल, तर माझा भरवसा बसत नाही. भाजून महिना न झालेली कॉफी घ्या. चाखणीत शंभरपैकी 80 गुण मिळाले, तरच ती स्पेशालिटी म्हणवते. पहिल्यांदा पोअरओव्हर, म्हणजे गाळणीतल्या कॉफीवर हळूहळू गरम पाणी ओतून केलेली कॉफी मागा. पहिला घोट बिनसाखरेचा. चिकमगळूरच्या बिया तर मिळतातच. आपल्या चिखलदऱ्यातही कॉफी पिकते, तीही आवर्जून विचारा.