फळ हाती आल्यावर

बालीगंजातील एका महाराष्ट्रीय गृहस्थांचे पत्र आमच्यापुढे आहे. नोकरीच्या निमित्ताने ते पंचवीस वर्षांपूर्वी कोलकात्यास गेले आणि तेथेच स्थायिक झाले. घरात गीतेचे नित्य पठण आहे. दर एकादशीस चार कुटुंबे एकत्र जमून एक अध्याय वाचतात. यंदा त्यांच्या ज्येष्ठ चिरंजीवाने केंद्रीय मंडळाची बारावीची परीक्षा दिली. नव्वदांच्या वर गुण पडतील असा सर्वांचा अदमास होता. पडले शेकडा एकाहत्तर. पदार्थविज्ञान घेऊन ज्या महाविद्यालयात जावयाचे त्याने मनाशी धरले होते, तेथील गुणवत्ता-यादी याच्या गुणांच्या पुष्कळच वर थांबते. मुलगा दाराला कडी लावून बसतो. पानावर येत नाही. गृहस्थ पुढे लिहितात : ‘कर्म करीत राहा, फळाकडे पाहू नको, असे त्यास सांगावयास गेलो. तो इतकेच म्हणाला, “बाबा, दोन वर्षे तुम्ही रोज गुणच विचारीत होता.” यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते. आपण काही सांगावे.’

हे पत्र एकाच घरचे असले तरी प्रश्न सहस्रावधी घरांचा आहे. आणि तो केवळ मानापमानाचाही नाही. देशातील आत्महत्यांची जी सरकारी नोंद प्रतिवर्षी प्रसिद्ध होते, तीत ‘परीक्षेतील अपयश’ असे एक स्वतंत्र कारण मांडलेले असते. ज्या घरात बंद दाराआड मूल बसले आहे, त्या घराने प्रथम हे ध्यानात घ्यावे. प्रवेशाचे अर्ज मागाहून. मुलाच्या बोलण्यात जगण्याविषयी कंटाळा दिसला, तर त्यास एकटे सोडू नये, आणि वैद्यकीय साहाय्य घेण्यात कमीपणा मानू नये. भारत सरकारने २०२२ साली मानसिक आरोग्यासाठी ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनी-सेवा सुरू केली. तिचा क्रमांक १४४१६ असा आहे. गीतेच्या अभ्यासलेखात दूरध्वनीचा क्रमांक कशाला, असे एखाद्या वाचकास वाटेल. वाटो.

आता मुलाच्या त्या एका वाक्याकडे वळू. ते वाक्य उद्धटपणाचे नाही; ते खरे आहे, आणि म्हणूनच गृहस्थ निरुत्तर झाले. दुसऱ्या अध्यायातील सत्तेचाळिसावा श्लोक आपणा सर्वांस मुखोद्गत असतो. लोकमान्य टिळकांनी त्याच्या चार चरणांस कर्मयोगाची चतुःसूत्री म्हटले आहे. परंतु आपण हा श्लोक काढतो केव्हा, तर फळ उणे आल्यावर. मुलास नव्वद पडते, तर त्या दिवशी पेढे वाटताना फळावर आपला अधिकार नाही हे कोणास आठवते? ज्या घरात यश आल्यावर निष्कामतेची भाषा होत नाही, त्या घरात अपयश आल्यावर ती केली, तर ऐकणाऱ्यास ती सांत्वनाची युक्ती वाटते, शास्त्र वाटत नाही. तेव्हा आमचे पहिले सांगणे पित्यास आहे. त्याने मुलापाशी जाऊन, ‘तू म्हणतोस ते खरे, मीच फळाला चिकटलो होतो,’ असे स्पष्ट कबूल करावे. वडिलकीस यामुळे बाध येत नाही.

गीतेचा आरंभ कोणाच्या मुखातून होतो, हे या प्रसंगी पाहण्यासारखे आहे. तो अर्जुनाच्या मुखातून होत नाही, भगवंतांच्या मुखातूनही नाही. एक आंधळा पिता आपल्या मुलांनी आणि पांडूच्या मुलांनी रणात काय केले, असे विचारतो. ‘माझे’ आणि ‘पांडूचे’ अशी वाटणी त्याच्या पहिल्याच प्रश्नात आहे. भीष्मपर्वाचा क्रम ज्यांनी पाहिला आहे त्यांस ठाऊकच आहे की, त्या वेळी दहा दिवसांचे युद्ध होऊन गेलेले आहे. संजय रणांगणावरून येऊन भीष्म पडल्याची वार्ता आधीच सांगतो, आणि मग धृतराष्ट्र हा प्रश्न करतो. म्हणजे निकाल अंशतः हाती आलेला पिता, आपले आणि शेजारच्याचे असा भेद करीत, घडले काय ते विचारीत आहे. त्यास उत्तर म्हणून संपूर्ण गीता सांगितली जाते. ती ऐकूनही त्याची ‘माझे’ ही बुद्धी सुटत नाही, हे महाभारताचा पुढील भाग सांगतो. शेजारच्या बिऱ्हाडातील मुलास किती पडले याची चौकशी आपण ज्या आतुरतेने करतो, ती या पहिल्या श्लोकाशेजारी ठेवून पाहावी.

मुलाशी बोलावे कसे, याविषयीही पहिल्या अध्यायात शिकण्यासारखे आहे. त्या संपूर्ण अध्यायात भगवंत एकच वाक्य बोलतात. जमलेल्या कौरवांस पाहा, इतकेच अर्जुनास सांगतात. पुढे अर्जुन आपले हातपाय गळाल्याचे, तोंड कोरडे पडल्याचे, सर्व व्यर्थ वाटत असल्याचे सांगत राहतो. त्याच्या युक्तिवादात दोष नाहीत असे नाही. पण मध्येच अडवून ते कोणी काढीत नाही. आणि त्या विषादाच्या अध्यायासही आपल्या परंपरेने ‘योग’ हे नाव दिले आहे. कोणी म्हणेल, दुसऱ्या अध्यायाच्या प्रारंभी भगवंतांनी कठोर शब्दच वापरले ना? होय, वापरले. पण त्यांचा परिणाम काय झाला तेही पाहावे. ती कानउघाडणी ऐकून अर्जुन उठला नाही. उलट मी लढणार नाही असे म्हणून तो गप्प बसला. त्यानंतर भगवंत जणू स्मित करीत बोलू लागले, आणि तो खरा उपदेश. कठोर शब्द बोलणारा तो सखा घोड्यांचे लगाम हाती धरून अर्जुनाच्याच रथावर बसला होता, हेही विसरू नये.

आता निकालाचे कारण. मुलगा म्हणतो, सर्व दोष माझा. आप्त म्हणतात, अभ्यास केला नाही, दुसरे काय? अठराव्या अध्यायात (श्लोक १३ ते १६) कोणतेही कर्म सिद्धीस जाण्यास पाच कारणे सांगितली आहेत : अधिष्ठान, कर्ता, करणे, नाना प्रकारच्या चेष्टा आणि पाचवे दैव. अधिष्ठान म्हणजे श्रीमच्छंकराचार्यांच्या मते शरीर. जागा असाही अर्थ करतात. परीक्षेस लावून पाहू. परीक्षेच्या दिवशी अंगात ज्वर असणे हे अधिष्ठानाचे उणेपण. ज्याने अभ्यास केला तो कर्ता. शाळा, ग्रंथ, शिकविणारे, घरातील निवांत कोपरा ही करणे. चेष्टा म्हणजे प्रत्यक्ष केलेले निरनिराळे प्रयत्न, त्यांची रीत आणि क्रम. आणि कोणता प्रश्न आला, उत्तरपत्रिका कोणाच्या हाती पडली, हे सर्व दैव. असे असता जो केवळ स्वतःसच कर्ता मानतो त्यास यथार्थ दिसत नाही, असा भगवंतांचा निर्णय आहे. याचा अर्थ मुलगा अजिबात जबाबदार नाही असा मात्र नव्हे. पाचांपैकी एक तो आहेच, आणि तेवढा भाग त्याने निर्मळपणे तपासावा. कोणत्या विषयात, कोणत्या रीतीने कमी पडलो हे लिहून काढावे. पण पाचही कारणांचे ओझे एकट्याने वाहणे हा देखील अहंकाराचाच प्रकार आहे. हेच माप शंभरांपैकी अठ्ठ्याण्णव मिळविणाऱ्यासही लागू आहे, हे त्याच्या आईबापांनी जाणावे.

बालीगंजास राहणाऱ्यास दृष्टांतासाठी दूर जावयास नको. पहिले भारतीय सनदी अधिकारी सत्येंद्रनाथ टागोर उत्तरायुष्यात बालीगंजात राहत. त्यांची नोकरीची वर्षे मुंबई इलाख्यात गेली, मराठी त्यांना उत्तम येई, आणि तुकोबांचे अभंग व गीता त्यांनी बंगालीत नेली; त्यांचे बंधू ज्योतिरिंद्रनाथ यांनी तर लोकमान्यांचे ‘गीतारहस्य’ बंगालीत उतरविले. हे सत्येंद्रनाथ १८६२ साली आपले मित्र मनमोहन घोष यांच्यासह सनदी परीक्षेसाठी विलायतेस गेले. सत्येंद्रनाथांची निवड १८६३ साली झाली. मनमोहन दोनदा बसले आणि दोनदा नापास झाले. एकाच घरोब्यातील दोन तरुण, एकच परीक्षा, एकाच्या नावाचा डंका आणि दुसऱ्याच्या वाट्यास हे. मनमोहनांनी कायद्याचा अभ्यास केला, ते बॅरिस्टर होऊन कोलकात्यास परतले, आणि सरकारी अधिकाऱ्यांच्या अन्यायात सापडलेल्या गरिबांचे वकील म्हणून त्यांची ख्याती झाली. न्यायदानाचे आणि अंमलबजावणीचे अधिकार एकाच हाती नसावेत यासाठी ते आयुष्यभर झगडले. ज्या सनदी चाकरीचे दार त्यांना बंद झाले, तिच्याच अनिर्बंध सत्तेला आवर घालण्याची ही खटपट होती. परीक्षेत उत्तीर्ण होते, तर हे कार्य त्यांच्या हातून झाले असते काय? आम्ही तसे ठामपणे म्हणत नाही. आणि नापास होणे हेच त्यांचे भाग्य होते असेही म्हणत नाही. दोन पराभवांनंतर ते थांबले नाहीत, एवढेच येथे घ्यावयाचे.

दुसरे उदाहरण याहून प्रसिद्ध आहे. कोलकाता विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले आणि पुढच्याच वर्षी त्याची पहिली बी. ए. परीक्षा झाली. तीत पदवीस पात्र ठरले दोघे. त्यांतील एक बंकिमचंद्र चट्टोपाध्याय. परंतु दोघेही एका विषयात थोडक्या गुणांनी कमी पडले होते, आणि विशेष कृपा म्हणून विद्यापीठाने ते गुण देऊन त्यांस पदवी दिली. ‘कृष्णचरित्र’ लिहिणारे, गीतेवर भाष्य लिहावयास घेतलेले, ‘वंदे मातरम्’चे कर्ते बंकिमबाबू हे विद्यापीठाच्या दप्तरी कृपागुणांचे पदवीधर आहेत. खुद्द लोकमान्यांनी डेक्कन कॉलेजातील पहिले वर्ष शरीर कमावण्यात घालवून त्या वर्षीची परीक्षा गमावली होती. अर्थात ते वर्ष त्यांनी जाणूनबुजून वेचले, म्हणून त्याचा दाखला आळशी विद्यार्थ्याने देऊ नये.

तथापि थोरांच्या गोष्टींनी अर्ज भरला जात नाही. चतुःसूत्रीचा चौथा चरण अकर्माची आसक्ती धरू नको, असे बजावतो. आणि निकालानंतर भिंतीकडे तोंड करून पडून राहणे हीच ती आसक्ती. निकालानंतरच्या कर्मास मुदती असतात, आणि त्या दुःखासाठी थांबत नाहीत. उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागविणे, गुणांची पडताळणी व पुनर्मूल्यांकन यांची सोय केंद्रीय मंडळात आहे तशीच महाराष्ट्राच्या मंडळातही आहे. पश्चिम बंगालच्या उच्च माध्यमिक परिषदेतही निकालानंतर तपासणीचा व पुनर्विलोकनाचा अर्ज करता येतो. मुदत थोड्याच दिवसांची असते. पुनर्मूल्यांकनात गुण घटूही शकतात, हे जाणून एखाद्या विषयात खरोखर अन्याय झाल्याचे वाटत असेल तेथेच अर्ज करावा. महाराष्ट्रात पुरवणी परीक्षा आणि श्रेणीसुधारासाठी पुन्हा बसण्याची योजना आहे.

प्रवेशाचे म्हणाल, तर बारावीच्या गुणांचे वजन सर्वत्र सारखे नाही. पश्चिम बंगालमधील सरकारी व अनुदानित महाविद्यालयांचे पदवी-प्रवेश २०२४ पासून एकाच मध्यवर्ती संकेतस्थळावरून होतात, आणि तेथे गुणवत्ता-यादी मुख्यतः बारावीच्या गुणांवर लागते. म्हणून पसंतीची यादी भरताना एकाच नामांकित महाविद्यालयावर सर्व भिस्त न ठेवता तोच विषय जेथे जेथे आहे अशी अनेक नावे क्रमाने द्यावीत. जादवपूर व प्रेसिडेन्सी ही विद्यापीठे या व्यवस्थेबाहेर आहेत. त्यांचे नियम स्वतंत्रपणे पाहावेत. केंद्रीय विद्यापीठांतील पदवी-प्रवेश २०२२ पासून सामाईक प्रवेश-परीक्षेवर होतात. तेथे बारावीचे गुण बहुधा पात्रतेपुरते लागतात. मात्र त्या परीक्षेचे अर्ज बारावीच्या निकालाआधीच घेतले जातात. ज्याने अर्ज केला नव्हता त्यास ते दार यंदापुरते बंद. आणि जेथे कोठेच जमत नाही, तेथे इंदिरा गांधी, नेताजी सुभाष किंवा नाशिकचे यशवंतराव चव्हाण ही मुक्त विद्यापीठे आहेत. त्यांत जाणे म्हणजे हरणे, असे मानणाऱ्या घरात मुलास श्वास घेणे कठीण होते.

एक वर्ष थांबून पुन्हा परीक्षा द्यावी काय, असेही गृहस्थांनी विचारले आहे. आमचे मत असे की, वर्ष थांबावयाचे तर ते मुलाच्या इच्छेने, आणि उणीव नेमकी कोठे होती हे कळल्यावरच. बापाची लाज झाकण्यासाठी थांबविलेले वर्ष मुलास दुप्पट जड जाते. दुसरे असे की, दुसऱ्या पसंतीच्या महाविद्यालयातील पदार्थविज्ञान हेही पदार्थविज्ञानच होय. बालीगंज सर्क्युलर रोडवरून जाताना तारकनाथ पालितांच्या नावाचे विज्ञान महाविद्यालय लागते. तेथील पदव्युत्तर वर्गांत नाना महाविद्यालयांतून मुले येतात. तीन-चार वर्षांनी तशा वर्गात बसताना बारावीचे एकाहत्तर कोणी फारसे विचारणार नाही.

शेवटी, कोणता अध्याय मुलास वाचावयास द्यावा, अशी पृच्छा आहे. आज कोणताच देऊ नये. आज त्याच्यासोबत पानावर बसावे, आणि निकालाखेरीज काही बोलावे. पुढे त्यानेच विचारले, तर दुसरा अध्याय न काढता सहावा काढावा. तेथे अर्जुन विचारतो की, जो मार्गावर निघाला पण सिद्धीपर्यंत पोचला नाही, तो दोन्हींकडून सुटून फाटलेल्या ढगासारखा विरून जात नाही काय? केलेले काही वाया जात नाही, तो जेथे थांबला होता तेथूनच पुन्हा पुढे यत्न करू लागतो, असे उत्तर चाळिसाव्या श्लोकापासून पुढे आहे. इतरत्र ‘पार्था’, ‘कौंतेया’ असे संबोधणारे भगवंत या ठिकाणी अर्जुनास ‘तात’ म्हणतात. त्यावर श्रीमच्छंकराचार्य सांगतात की, पिता पुत्ररूपाने स्वतःस विस्तारतो म्हणून तो ‘तात’; पिताच पुत्र होतो म्हणून पुत्रासही ‘तात’ म्हणावे. हा एवढा भाग गृहस्थांनी मुलास वाचून दाखवावा, आणि त्या शब्दापाशी थोडे थांबावे.