सेल्फ मारला की नुसती टकटक

प्रश्न : पावसात गाडी आठवडाभर उभी होती. आता चावी फिरवली की टकटक होते, इंजिन फिरत नाही. मेकॅनिक म्हणतो, सेल्फ बदला. बदलू का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : इतक्यात नको. आधी आवाज ऐका. टकटक भराभर होत असेल आणि डॅशबोर्डचे दिवे मंदावत असतील, तर बहुधा बॅटरी उतरली आहे. चांगली बॅटरी गाडी बंद असताना मल्टिमीटरवर १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२ च्या खाली असेल तर चार्ज करून घ्या.

त्याहीआधी टर्मिनल हाताने हलवून बघा. सैल असेल किंवा पांढरट-हिरवा थर चढला असेल, तर मायनसची वायर आधी काढा, खायचा सोडा घातलेल्या पाण्याने घासा, कोरडे करून घट्ट आवळा. इंजिनची अर्थ वायरही तपासा. ती गंजते आणि बोल सेल्फला लागतो!

दिवे झगझगीत आणि एकच ठसठशीत ‘टक’ येत असेल, तर मात्र संशय सेल्फवर. तरी तो आधी उघडायला लावा. पुष्कळदा सोलेनॉइडचे कॉन्टॅक्ट किंवा कार्बन ब्रश बदलून काम भागते.

जंप स्टार्टने गाडी सुरू झालीच, तर लगेच व्होल्टेज मोजा. साधारण १४ नसेल, तर अल्टरनेटर दाखवून घ्या.