लिंबाच्या वाटीतली नथ

गौरी दुसऱ्या दिवशी यायच्या होत्या. पळी-पंचपात्र, तांब्या, ताम्हन असं सगळं मोरीत मांडून मी लिंबाच्या साली मिठात बुडवून घासत बसले होते. काळाठिक्कर तांब्या दोन हात मारल्यावर लालबुंद व्हायला लागला, की हात थांबत नाहीत. त्याच भरात मला थोरल्या गौरीची नथ आठवली. आजेसासूबाईंची नथ. सोन्याच्या तारेत गुंफलेले सात मोती आणि मधोमध तांबडा खडा. वर्षानुवर्षांचं कुंकू आणि तेल बसून तार काळवंडली होती. तांब्याला चालतं ते सोन्याला न चालायला काय झालं, असं म्हणत मी काचेच्या वाटीत एक लिंबू पिळलं, चिमूटभर मीठ टाकलं आणि नथ आत सोडली.

मोत्यांवर बारीक बुडबुडे धरायला लागले. मळ सुटतोय म्हणून मी खूश! तेवढ्यात फुलवाला आला, मग शेजारच्या काकू आघाडा मिळाला का विचारायला आल्या. नथीची आठवण झाली ती तासाभराने.

तार खरंच उजळली होती. मोत्यांचं पाणी मात्र गेलं होतं. बोट फिरवलं तर खरखरीत, आणि रंग चुन्याच्या निवळीसारखा पांढुरका. साध्या पाण्याने धुतले, पुसले, खोबरेल लावून पाहिलं. काही नाही.

सोनारांनी भिंग डोळ्याला लावलं, नथ उजेडात फिरवली आणि म्हणाले, “वहिनी, तुम्ही मोत्यांचं लोणचं घातलंत.” मग त्यांनी समजावलं ते असं. मोती म्हणजे दगड नव्हे. शिंपल्यातल्या जीवाने थरावर थर चढवून केलेली ती वस्तू आणि त्या थरांत मुख्यतः असतं कॅल्शियम कार्बोनेट. अंड्याचं कवच तेच, शहाबादी फरशीही बव्हंशी तेच. फरशीवर लिंबू सांडलं की डाग पडतो तो पुसून जात नाही, कारण तो डाग नसतोच. तिथली फरशीच विरघळलेली असते. माझ्या वाटीतले बुडबुडे मळाचे नव्हते, मोती विरत असल्याचे होते. पोवळ्याचीही हीच गत. त्यामुळे लिंबू, चिंच, व्हिनेगर, आमसुलाचं पाणी ही आंबट मंडळी मोती-पोवळ्याच्या वाऱ्यालाही नकोत.

तांबडा खडा तेवढा जसाच्या तसा होता. “कारण ती साधी काच आहे,” सोनार म्हणाले. चार पिढ्या माणिक म्हणून मिरवलेला तो खडा! आजकाल स्वस्तात मिळणाऱ्या बऱ्याच माणकांच्या भेगांमध्ये शिसं मिसळलेली काच भरलेली असते, आणि ती काच लिंबाच्या रसानेसुद्धा खरवडली जाते. पाचूच्या भेगांत तेल मुरवलेलं असतं, ते गरम साबणाच्या पाण्यात निघून जातं आणि दडलेल्या भेगा दिसायला लागतात. म्हणजे आमचा खडा असल्या भरलेल्या माणकाचा नव्हता म्हणून वाचला.

त्या दिवसापासून मी दागिना हातात घेतला की आधी बघते, यात धातूशिवाय आणखी काय काय आहे. ठुशी, बोरमाळ, कोल्हापुरी साज यांचे मणी वरून सोन्याचे दिसतात, पण कित्येकदा आत लाख भरलेली असते. उकळतं पाणी ओतलं की लाख मऊ होते आणि मणी चेपतो. तन्मणी दोऱ्यात गाठवलेला. तो भिजवला की दोरा कुजायला मोकळा. या सगळ्यांना ओलसर मऊ फडकं पुरे, आणि दोरा सैल वाटला तर सरळ गाठवून घ्यावा.

नुसत्या सोन्याला, म्हणजे बांगडी, गोफ, वेढणी यांना रिठ्यासारखं दुसरं काही नाही. चार रिठे रात्री भिजत घालायचे, सकाळी कुस्करून फेस काढायचा आणि कोमट करून लहान मुलांच्या मऊ ब्रशने घासायचं. बावीस कॅरेटमध्ये सोनं 91.6 टक्के, बाकी तांबं-चांदी, आणि ती काळी पडू शकतात. पण रोजच्या दागिन्यावरचा काळपटपणा बहुतेक वेळा तेलाचा, साबणाचा आणि कणकेचा असतो. हे सगळं पातेल्यात करावं, बेसिनमध्ये नाही. कानातल्याची फिरकी एकदा जाळीतून गेली की गेली. आणि बाथरूम धुवायच्या ब्लीचिंगच्या पाण्यात हात घालण्याआधी अंगठी काढा. क्लोरीन सोन्यातल्या मिश्रधातूला खातं.

चांदीचा प्रकार वेगळा. चांदी गंजत नाही, हवेतल्या गंधकाच्या वायूशी तिची गाठ पडते आणि वर काळा सल्फाइडचा थर धरतो. पैंजण टूथपेस्टने घासायची पद्धत घरोघरी आहे, माझ्याकडेही होती. चकाकतात खरे, पण भिंगातून बघा, पेस्टमधल्या खरीने बारीक ओरखडे उठलेले असतात, आणि घुंगरांत पांढरी पेस्ट सुकून बसते ती वेगळीच. त्यापेक्षा पोळ्या गुंडाळायची अ‍ॅल्युमिनियमची फॉइल काचेच्या भांड्यात अंथरा, त्यावर चांदी टेकेल अशी ठेवा, मोठा चमचाभर खाण्याचा सोडा आणि थोडं मीठ घालून वरून कडकडीत पाणी ओता. नासक्या अंड्याचा वास आला की समजा, काम चाललंय. चांदीला धरलेलं गंधक सुटून अ‍ॅल्युमिनियमकडे वळतं आणि चांदी मागे राहते, खरवडून जात नाही. पाच मिनिटांत काढा, धुवा, खडखडीत पुसा. हे फक्त नुसत्या चांदीला. खडा, मोती, मीना असलेलं काहीही यात घालू नका. एकदा उत्साहात मी लेकीचे ऑक्सिडाइज्ड झुमके घातले. नक्षी उठून दिसावी म्हणून मुद्दाम केलेला काळा रंग धुऊन निघाला आणि झुमके पांढरेफटक. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

गिलिटाच्या आणि ‘एक ग्रॅम’च्या दागिन्यांना घासूच नये. वरचा मुलामा केसाहून कितीतरी पातळ असतो, दुसऱ्या घासण्यात खालचं तांबं डोकावतं.

दारावर “बाई, दागिने उजळून देतो” म्हणत येणाऱ्यांना मात्र उंबऱ्याबाहेरच ठेवा. आधी ते भांडं चकचकीत करून दाखवतात, मग बांगड्या कुठल्याशा पाण्यात बुडवतात. ते पाणी आम्लराज असतं, सोनं विरघळवणारं. बांगड्या लखलखीत परत मिळतात, पण वजनाला हलक्या, आणि उरलेलं सोनं त्यांच्या भांड्यात.

ठेवताना चांदीला रबर बँड लावू नका, रबरातल्या गंधकाने तेवढाच पट्टा काळा पडतो. मोती मऊ कापडात वेगळे ठेवा, आणि अत्तर, पावडर सगळं झाल्यावर शेवटी घाला.

नथीचे सहा मोती मी बदलून घेतले. सातवा सोनारांनी बदलू दिला नाही, म्हणाले, “एक तरी आजींचा राहू दे.” आता थोरलीला नथ घालताना मी तो पांढुरका मोती गालाच्या बाजूला वळवते, आणि सासूबाई दर वर्षी चष्मा लावून नेमका तोच शोधून काढतात.